दारातली शेवटची ओळ

लिहून ठेवणार मी, छापखान्यातली निवृत्त मुद्रितशोधक, औषधांच्या खिडकीवरच्या कंपाउंडरांची विधवा, सध्या मुक्काम हॉस्पिटलचा स्त्रियांचा वॉर्ड, खिडकीकडची कॉट. शरीर थकलं आहे, डोकं ठिकाणावर आहे. आज सकाळीच जेवणाच्या तक्त्यातल्या चुका मी सिस्टरला काढून दाखवल्या आणि डॉक्टरांनी त्या मान्य केल्या. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तरी मी ऐकलं नसतं, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम पहिलं. दोन खोल्यांचं राहतं घर, भांड्याकुंड्यांसकट, माझ्या एकुलत्या एका मुलीला. अट कसलीही नाही. एक घालावी असं मनात होतं, पण वकील म्हणाले, "असली अट कोर्टात टिकायची नाही, बाई." ती कोणती, ते पुढे येईल. मोरीतला नळ जोरात फिरवू नये, हातात येतो.

कलम दुसरं. बँकेतली शिल्लक निम्मी मुलीला, निम्मी वॉर्डातल्या कवितेच्या तासाला, कागद आणि पेनांसाठी. हा तास म्हणजे काय ते कोर्टाला ठाऊक नसणार, म्हणून सांगते. यजमान एकदा जेवताना म्हणाले, "लोकांना गोळ्या मिळतात गं, पण कसं दुखतंय ते ऐकून घ्यायला कोणाला वेळ नाही. तू चल आमच्या हॉस्पिटलात. तुला ऐकलेलं नीट उतरवता येतं."

मी म्हटलं, "मला फक्त चुका काढता येतात."

"तेवढ्या काढू नकोस, म्हणजे झालं."

तेव्हापासून दर गुरुवारी मी पुरुषांच्या आणि बायकांच्या, दोन्ही वॉर्डांत जात आले. पेशंट सांगणार, मी लिहिणार, मग सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवणार. सुरुवातीला लोक हसायचे. "आम्ही कसले कवी, बाई?" म्हणता म्हणता चार ओळी सांगून जायचे. एका बस ड्रायव्हरने दुपारी कविता पुरी केली. तिची शेवटची ओळ होती, "आज मी मागच्या सीटवर बसतो, गाडी दुसऱ्या कोणी न्यावी." संध्याकाळी तो गेला. पुढच्या गुरुवारी एकही जण शेवटची ओळ सांगेना. मी खूप समजावलं, पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही. मग वॉर्डानेच रिवाज पाडला: शेवटची ओळ रिकामी ठेवायची. जो बरा होऊन घरी निघेल त्याने ती दारात उभं राहून म्हणायची, आणि बाकीच्यांनी पेले वाजवायचे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मी तो रिवाज कधी मोडला नाही.

कलम तिसरं. माझं लाकडी स्टूल वॉर्डाला. थोरल्या सिस्टरला द्यायचं होतं, पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, आणि मला सही तिचीच हवी आहे. तास चालवणाऱ्याने याच स्टुलावर बसावं. कॉटवर पडलेल्या माणसाचं उभ्याने ऐकू नये, त्याला वाटतं आपण निघालोच.

कलम चौथं. धाकट्या दिरांनी रंगकामासाठी नेलेली शिडी मी त्यांना बक्षीस देते. "वहिनी मरणाऱ्यांकडून गाणी म्हणवून घेतात," असं ते चारचौघांत म्हणाले होते. शिडी परत करायची मात्र त्यांना कधी आठवण झाली नाही. आता ती चोरीची राहिली नाही, त्यांनी निवांत झोपावं.

कलम पाचवं. हॉस्पिटलच्या अधीक्षकसाहेबांना माझं लाल पेन. त्यांनी पोर्चच्या भिंतीवर पेशंटांच्या ओळी रंगवून घेतल्या. माझ्या मागच्या कॉटवरच्या शिवणकामवालीची ओळ होती, "सुई तेव्हाही टोचायची, पण तेव्हा मी काहीतरी शिवत असायचे." ती त्यांना उदास वाटली. पुसून तिथे लिहून घेतलं, "हसा आणि बरे व्हा." दुसऱ्याची ओळ खोडायचीच असेल तर लाल शाईने, सर्वांना दिसेल अशी खोडावी.

कलम सहावं. याच्यासाठीच हे सगळं सांगायला बसले.

यजमान शेवटी ह्याच हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात पडले. त्यांनीही कविता सांगितली, मी उतरवून घेतली:

खिडकीतून आधी हात येतात, चेहरे नंतर.
हातावरून कळतं, घरात कोण आजारी आहे.
आज माझाच हात खिडकीच्या बाहेर आहे,

पुढची ओळ रिवाजाप्रमाणे रिकामी. त्या गुरुवारी त्यांना धाप लागत होती. मी हलेना, तेव्हा म्हणाले, "अगं जा, बायका वाट बघत असतील." मी गेले. परत आले तेव्हा कॉटभोवती पडदा ओढलेला होता आणि मुलगी बाहेर उभी होती.

"बाबांनी शेवटची ओळ सांगितली," ती म्हणाली. "मला."

"काय म्हणाले?"

"ऐकायची होती तर इथे असायचं होतंस, आई."

त्यांनीच मला पाठवलं होतं, हे मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. त्या ओळीविषयी आम्ही पुन्हा बोललो नाही. पोर माझं सगळं करते. रोज येते, उशीचा अभ्रा बदलते, केस विंचरते. कधी कधी विंचरताना तिचा हात थांबतो, आणि मला वाटतं, आता सांगेल. मग ती म्हणते, "मान सरळ ठेव." मी ठेवते. विचारत मात्र नाही, कारण ती नाही म्हणाली तर मला सोसणार नाही. ती ओळ ऐकण्याची मला फार, फार इच्छा आहे.

घरी जाणारा माणूस दारात थांबतो. मेलेल्याला मात्र पडदे ओढून गुपचूप नेतात. मला तसं नेऊ नये. पडदे उघडे ठेवावेत, स्ट्रेचर दारात थांबवावं. माझी कविता उशीखाली आहे, शेवटची ओळ मी केलेलीच नाही. त्या जागी मुलीने तिच्या बाबांची ओळ म्हणावी. जुळेल न जुळेल, तपासायला मी नसेन. तिने ती इतकी वर्षं एकटीने सांभाळली आहे, आता खाली ठेवावी. मोठ्याने म्हणावी. मला ऐकू येणार नाही, त्याला इलाज नाही. नाही म्हणावीशी वाटली तर कोणी जबरदस्ती करू नये. घर तरीही तिचंच.

एवढं कलम सिस्टरने मी गेल्याबरोबर, मला हलवण्याआधी, मुलीला वाचून दाखवावं. बाकीचं वकिलांनी सवडीने वाचावं, शिडीची घाई नाही.

वरचं सगळं मी स्वतः सांगितलं, वकिलांनी उतरवलं, मी तपासलं. त्यांच्या दोन चुका मी तशाच राहू दिल्या आहेत.

स्थळ: वॉर्ड, खिडकीकडची कॉट. बारा तारीख, गुरुवार.

लिहून ठेवणारीची सही.

साक्षीदार पहिली: थोरली सिस्टर. सही केली आणि डोळे पुसायला बाहेर गेली.

साक्षीदार दुसरी: मागच्या कॉटवरची शिवणकामवाली. सही करण्याआधी तिने दाराकडे बघून विचारलं, "इथवर ऐकू येईल ना, बाई?" मी म्हटलं, येईल. मग तिने सही केली, आणि आपला पेला घासून उशाशी ठेवला.