हिरवा दिवा लागेपर्यंत

४ मार्च, सोमवार

माझ्या हातचं : दुकानातलं लोखंडी टेबल, वेल्डिंगसकट. घरातली पाण्याची मोटर — तीनदा जळली, तीनदा तार मीच भरली. बायकोचं पायाचं शिलाई मशीन विजेवर केलं तेही मीच. आणि आजपासून हा बॅटरीचा चार्जर! ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा प्रत्येक वेढा माझा. सर्किट जाळून जाळून जुळवलेलं. कुठल्या कॉलेजची पायरी चढलो नाही.

लिहून ठेवतो. उद्या कोणी म्हणेल आयता आणला.

तीन टप्पे. पहिल्यात करंट पूर्ण सोडायचा, १४.४ व्होल्ट येईपर्यंत — लाल दिवा. दुसऱ्यात व्होल्ट तेवढेच धरायचे आणि करंट आपोआप उतरू द्यायचा — पिवळा. हाच खरा टप्पा, आणि हाच लोकांना कळत नाही. तिसऱ्यात १३.५ वर आणून नुसतं राखत बसायचं — हिरवा. तापमान बघणारी तार बॅटरीच्या अंगालाच चिकटवायची. बॅटरी तापली की व्होल्ट कमी झाले पाहिजेत. मेहुण्यानं — बायकोचा धाकटा भाऊ, दुकानात माझ्याबरोबर असतो — तार भिंतीला चिकटवली होती! "दाजी, भिंतही तापतेच की." त्याला दोन शिव्या घातल्या. हसत होता गाढव.

आता बघू द्या कोणाची बॅटरी वर्षात मरते ती.

९ मार्च

माल वाहणाऱ्या बॅटरीगाड्यांचे ड्रायव्हर. संध्याकाळी बॅटरी आणून लावतात, सकाळी नेतात. वर्षानुवर्षांची खोड — करंटचा काटा पडला की भरली समजायचं आणि ओढायची. म्हणजे पिवळ्यावरच! रोज अर्धपोटी ताटावरून उठवायचं. मग प्लेटा पांढऱ्या पडतात आणि बोंब माझ्या नावानं — मिस्त्रीचा चार्जर बोगस.

आज गेंड्यानं पुन्हा पिवळ्यावर क्लिप उपटली. हा त्यांचा पुढारी, मान नाहीच, खांद्यांवर थेट डोकं. म्हटलं, हात लावू नकोस. तर म्हणतो, "मिस्त्री, बॅटरी आहे का बाळंतीण? किती झोपवणार तिला?" सगळे फिदीफिदी हसले. मी कानाखाली काढली. त्यानं कॉलर धरून मला टेबलावर आपटलं. माझ्याच टेबलावर!

टेबल जागचं हललं नाही. बरगडी दुखतेय.

११ मार्च

साखळी केली. टेबलाला वेल्ड, प्रत्येक बॅटरीच्या कडीतून ओवलेली, शेवटी कुलूप. हिरवा लागल्याशिवाय कोणाची बॅटरी सुटणार नाही. किल्ली माझ्या गळ्यात.

मेहुणा म्हणाला, "दाजी, गिऱ्हाईक आहेत ती, कैदी नव्हेत." म्हटलं, कैदेत बॅटऱ्या आहेत, गिऱ्हाईक मोकळंच आहे.

१५ मार्च

क्रमानं लिहितो.

गेंड्याला आज लवकरची फेरी होती. दिवा पिवळा. म्हटलं, अजून तासभर. "किल्ली दे." नाही दिली. तो गाडीतून पहार घेऊन आला. मेहुणा त्याच बॅटरीवर वाकला होता, हायड्रोमीटरनं ॲसिड तपासत. मी ओरडलो, मागे हो! — त्याला की गेंड्याला, आठवत नाही. पहार साखळीवर बसली, घसरली, आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर आडवी पडली. निळी ठिणगी. पिवळ्याच्या वेळी बॅटरी गॅस सोडत असते, तो पेटतो. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक!

झाकण छतावर जाऊन आदळलं. कानठळ्या. मेहुणा उभाच होता, दोन्ही हात तोंडावर. ओरडत नव्हता. मग ओरडला.

मानेला धरून नळाखाली नेला. लाथा झाडत होता. गुडघा पाठीत रोवून दाबून धरला. पाणी, पाणी, नुसतं पाणी. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या शर्टाला भोकं पडत गेली. कानाजवळची कातडी माझ्या बोटांना चिकटून आली.

१६ मार्च

डावा डोळा गेला.

१७ मार्च

गेंडा गाड्यांच्या तळावर सापडला. चाकाशी बसला होता. मला बघून उठलाही नाही. "मिस्त्री, मुद्दाम नाही हो केलं. शपथ." विचारलं, पहार कुठल्या हातानं धरली होती? सांगेना. मग दोन्ही. मोठा पाना नेला होता. उजवं मनगट पहिल्या घावात मोडलं, वाळकी फांदी मोडावी तसा आवाज. डाव्याला जास्त घाव मारावे लागले, तो ते पोटाशी धरून बसला. चौघा ड्रायव्हरांनी मला ओढून काढलं.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

पोलिसांत तेही गेले नाहीत, मीही नाही.

१८ मार्च

ड्रायव्हरांनी दुकान फोडलं. शटर, काचा, पंखा, मीटर. दहाबारा जण, हातात सळया. एक दगड माझ्या भुवईवर बसला, रक्तानं एक डोळा बंद झाला. चार्जरपुढे ॲसिडचा जार घेऊन उभा राहिलो. म्हटलं, या पुढे, तुमच्याही तोंडाचं तेच करतो! थांबले. जार रिकामा नव्हता. ओतलाच असता.

चार्जरला साधा ओरखडा नाही.

घरी आलो तर बायकोनं पातेलं फेकून मारलं. "अहो, त्या डबड्यापुढे उभे राहिलात! माझ्या भावापुढे असे उभे राहिला असतात तर?" मग रडली, मग पुन्हा अंगावर आली, नखांनी ओरबाडलं. साखळी तुमची, साखळी तुमची, एकच धोशा. साखळीनं नाही झालं. पहारेनं झालं. साखळीचं वेल्डिंग अजून शाबूत आहे, कोणीही येऊन बघावं.

२० मार्च

हॉस्पिटल. उजवा वाचू शकतो, डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया शुक्रवारी. पैसे आधी भरायचे. शुक्रवारनंतर केली तरी उपयोग नाही. बायकोचे दागिने मोडले, माझी स्कूटर विकली. निम्म्याच्याही आसपास नाही. सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "पोरगा तुमच्या हवाली केला होता." आणि ठेवला.

मेहुण्याचं तोंड पट्टीत. चाहूल लागली तसा म्हणाला, "कोण, दाजी?" हात चाचपत नेमका माझ्या दुखऱ्या बरगडीवर आला. मी कळवळलो. तो हसला. "तुमची अजून बरी नाही? मग माझं काय घेऊन बसलात!"

मग म्हणाला, "डॉक्टरांनी टॉर्च मारला तेव्हा उजेड दिसला, दाजी. खरंच दिसला."

हो म्हटलं. बाहेर येऊन जिन्याच्या भिंतीवर मूठ मारली. बोटांची सालं निघाली.

२१ मार्च, गुरुवार

गाड्यांचा मालक आला होता. चार्जर हवाय, टेबलासकट, त्याच्या आवारात. "मधला टप्पा तेवढा काढून द्या मिस्त्री, पोरांना घाई असते." माझ्या चार्जरचा मधला टप्पा! हॉस्पिटलात विचारून आला होता, उद्याच्या शस्त्रक्रियेला किती कमी पडतात ते. राहिलेला आकडा काढला, तेवढीच रोकड पिशवीतून टेबलावर ठेवली.

नाही म्हणालो. पिशवी त्याच्या छातीवर फेकली. बायकोला सांगितलेलं नाही.

तीन लाख ऐंशी हजार.