यंदाही मी दरवाजातच मेलो

धसई, ता. मुरबाड
३० जानेवारी २०२५

चि. नवसू यास दादाचे आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. वाल शेंगेला आलेत, म्हशीला रेडकू झालं, तुझी वहिनी गुडघ्याला तेल लावते आणि मला शिव्या देते, म्हणजे तिचीही तब्येत चांगली आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. न वाचता फाडायचं म्हटलं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं, तेवढाच माझा फायदा.

तर सर्वांत आधी एक तक्रार, आणि ती तू गंभीरपणे ऐकून घ्यावीस. विषय : अंगरख्याचे बंद. आपण शिवकाळातल्या लढाईच्या खेळाचं मंडळ काढलं तेव्हा तू नियम केलास की लढाईच्या दिवशी अंगावर बटण नको, चेन नको, शिवकाळात नव्हतं ते काहीच नको. मान्य. पण शिवकाळातल्या माणसाला पन्नाशी उलटल्यावर घाईची लागत नव्हती काय? परवा रविवारी मी सुरवारीची नाडी आवळली, अंगरख्याचे सगळे बंद बांधून घेतले, त्यावर शेला, शेल्यावर कंबरेचा पट्टा, वर ढाल, आणि नेमकं तेव्हाच मला जायचं झालं. वेढा घालायला आलेला शत्रूचा अख्खा सरदार करवंदीच्या जाळीआड गाठी सोडत उभा, आणि पलीकडून बाया विचारतायत, गुरुजी, काय हरवलंय का? ज्या शाळेत मी तीस वर्षं शिस्त शिकवली त्याच शाळेची निम्मी पोरं त्या बायांबरोबर होती. तुझ्या नियमांनी माणसाची अब्रू जाते, एवढं तुझ्या कानावर असावं.

मंडळ फुटलं तेही या नियमांपायीच. शिवकाळात चहा नव्हता, म्हणून लढाईच्या दिवशी चहा नाही. मी म्हटलं, चष्माही नव्हता, काढ तुझा. तू काढलास. दिवसभर चाचपडत लढलास, आपल्याच माणसाला दोनदा मारलंस, पण चहाला हो म्हणाला नाहीस. मग चहावाले मुरबाडकडे राहिले आणि बिनचहावाले शहापूरकडे गेले. लोकांचे भाऊ बांधावरून वेगळे होतात, आपण कपावरून झालो. कोणाला सांगायचीही सोय नाही.

तेव्हापासून सात वर्षं तुझी-माझी गाठ म्हणजे वर्षातून एकदा. म्हसा गावची जत्रा उठली की आमच्या शेतात कारवीच्या काठ्यांचा गड उभा करायचा, तुम्ही तो राखायचा, आम्ही वेढा घालायचा, आणि शेवटी दरवाजात तू मला मारायचं. शत्रू व्हायला दोन्ही तालुक्यांत कोणी तयार नसतं. सगळ्यांना मावळाच व्हायचंय, तोही फोटोत मधला. आणि मरायला तर शत्रूसुद्धा तयार नसतो. आमचा मुकेश पाच वार खाऊन ‘लागला नाय, चाटून गेला’ म्हणत गडभर फिरतो. शत्रूचा सरदार होऊन वेळच्या वेळी मरणारा माणूस दोन तालुक्यांत मी एकटा. याचा मला गर्व आहे.

तुझ्या पायाबद्दल मी काही विचारणार नाही.

भाद्रपदात गाडी घसरली, आत सळई घातली, डॉक्टर म्हणाले काठी घेऊन चालायला लागा, हे सगळं मला ठकीने सांगितलं. काठी उशाशी उभी आहे ती तशीच उभी आहे, तू खाटेवरून उठत नाहीस आणि भिंतीकडे तोंड करून ‘संपलं माझं’ म्हणतोस, तेही मी विचारलं नव्हतं. बायको आहे तुझी, तिला कोणापाशी तरी बोलावं लागतं. तुझा दांडपट्टा माळ्यावर टाकायला लावलास आणि म्हणालास, याचं नाव घरात काढायचं नाय. त्या पट्ट्याला तू दर दसऱ्याला माझ्यापेक्षा जास्त वेळ हळदकुंकू लावायचास, एवढीच माझी त्यावर टिप्पणी.

पण एक गोष्ट विचारण्यापलीकडची होती. दरवाजाची जागा. नियम पुन्हा तुझाच : शिंग वाजतं तेव्हा दरवाजात जो उभा असेल, जागा त्याची. त्याने राखली, तर पुढे तो म्हणेल त्याची. तू खाटेवर, म्हणजे यंदा जागा उघडी. तुमच्या मंडळातला हनुमान, तो व्यायामशाळावाला, त्याने मार्गशीर्षातच सांगून टाकलं की यंदापासून दरवाजा माझा. फ्लेक्सही छापला. त्यावर त्याचा दंड गडापेक्षा मोठा आला आहे. ठकी म्हणाली, फ्लेक्स लागला त्या दिवशी तू जेवला नाहीस.

इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. पुढचं तुला कोणी सांगितलेलं नाही, कारण तुझ्या घरात ते बाकी सगळ्यांना ठाऊक होतं.

दिवाळीपासून दर शनिवारी तुझ्या दिपालीला मुरबाडच्या कॉलेजात प्रॅक्टिकल असतं ना? ते माझ्या खळ्यात असतं. पहिल्या शनिवारी ती सरळगावच्या जीपमधून उतरली तेव्हा तिच्या खांद्यावर गोधडीची लांबलचक वळकटी होती. मला वाटलं, पोरगी घर सोडून आली. गोधडी उलगडली तर आत तुझा पट्टा.

“मोठेबाबा, मला शिकवा,” म्हणाली.

मी म्हटलं, “मला पट्टा धरता नाय येत गो. मला फक्त मरता येतं.”

“मंग तेच. बाबांचा वार कसा येतो ते तुमच्याबिगर कोनाला ठाव हाय?”

मी वाद न घालता ढाल घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. तू जाणतोसच, असं वर्षातून फार वेळा होत नाही.

खरंच, तुझा वार माझ्याइतका कोणी खाल्लाय? तू डावरा. बाकीच्यांचे वार माझ्या ढालीवर येतात, तुझा येतो उघड्या बाजूने. आधी तू पाय आपटतोस, मला कळावं म्हणून. मग पट्टा डोक्यावरून एक फेर घेतो, खांद्याशी येतो असं वाटतं, आणि उतरून पोटाशी थांबतो. थांबतो, हेच तर खरं. पट्टा फिरवणारे पुष्कळ आहेत, तो हनुमान तर पंखा लावल्यासारखा फिरवतो. पण माणसाच्या पोटापासून बोटभर अलीकडे थांबवणारा एकटा तू. दिपालीही डावरी निघाली. मी समोर उभा राहायचो आणि सांगायचो, इथे वारा लागला पाहिजे, इथे आवाज आला पाहिजे, इथे मला वाटलं पाहिजे की आता खरंच गेलो. ती चुकली की मी मरायला नकार द्यायचो. मुकेशकडून तेवढं शिकलो. पौषापर्यंत माझ्या दोन्ही कुशी काळ्यानिळ्या झाल्या. तुझी वहिनी तेल माझ्या अंगाला चोळत म्हणायची, “इतकी वर्सं भाऊ मारत होता, आता पुतनी मारते. बरं चाललंय तुमच्या खानदानाचं.”

म्हणजे मी शत्रूला, मला ठार कसं करावं, हे घरी बोलावून, जेवू घालून शिकवलं. इतका मूर्ख सरदार इतिहासात झाला नसेल.

आता रविवार. सव्वीस जानेवारीच आली होती, त्यामुळे सकाळी शाळेत झेंड्याला आम्ही ढाल-तलवारीसह हजर. धसईचा बाजार उठून आल्यासारखी माणसं शेतात. कारवीचा गड यंदा शेणामातीने इतका झक्क लिंपला होता की जनाबाई म्हणाली, माझ्या घरापेक्षा ह्याला जास्त माती लावलीत मेल्यांनो. जनाबाई यंदाही तुमच्याकडच्या भाकऱ्यांवर होती.

शिंग वाजायची वेळ झाली आणि हनुमान दिसेना. तो गडामागे होता. अंगरखा दोन मापं लहान शिवून घेतलेला, छाती दिसावी म्हणून. दोघं जण दोन्हीकडून ओढतायत, आणि बंदाला बंद पोचत नाहीये. एक गाठ बसली की हा श्वास घेई, की ती सुटे. नवसू, मी वर तुझ्या बंदांना जे काही बोललो ते मागे घेतो. तुझा चेनचा नियम नसता, तर जागा त्या दिवशी गेली होती.

शिंग वाजलं. दरवाजात दिपाली उभी होती. डोक्याला तुझं मुंडासं, डाव्या हातात पट्टा.

हनुमान एक बंद लोंबत धावत आला. त्याचं म्हणणं, हे चालायचं नाही, बाईमाणूस दरवाजात कधी होतं, दाखवा कुठे लिहिलंय. तुमची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मी शत्रू, मला बोलायचा अधिकार नाही. तेवढ्यात जनाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, “हनुमान, तू ऱ्हा की उभा. तुला कोनी धरलाय? पन शिंग वाजलं तवा तू कपडं घालत होतास, ते आमी समद्यांनी पायलाय.” शेत असं हसलं की गडाची एक काठी पडली. तुझ्या नियमात बाप्या की बाई हे लिहिलेलंच नाही. फक्त उभं असणं लिहिलंय.

मग आम्ही वेढा आवळला. तुझ्या पोरीने माझी पाच माणसं परतवून लावली. मुकेशला पहिलाच वार असा आला की तो चकित होऊन मेला, आणि पडल्यावर म्हणाला, “गुरुजी, मी खरंच मेलो.” माझ्या नोकरीत मला असं यश कधी मिळालं नव्हतं. शेवटी दरवाजात आम्ही दोघंच उरलो. खळ्यात शंभरदा केलेलं, पण तिथे माणसं नव्हती. मला वाटलं, थांबवता आला नाही तर? टिनाचा असला तरी पट्टा आहे.

आणि तिने पाय आपटला.

नवसू, तो आवाज मी ओळखतो. सात वर्षं मी तो वर्षातून एकदा ऐकत आलोय, आणि यंदा ऐकायला मिळणार नाही असं धरून चाललो होतो. पट्ट्याने फेर घेतला, खांद्याशी आला, उतरला, आणि पोटापासून बोटभर अलीकडे थांबला. तू एकदा माझ्या बरगडीला लावला होतास. तिने लावला नाही. मी इतका सुंदर मेलो की तुमच्याकडच्या बायासुद्धा हळहळल्या.

शेत उठलं. शहापूरवाले, मुरबाडवाले, सगळे एकच ओरडत होते. नवसूची पोर, नवसूची पोर! तुमच्या मंडळातल्या भगीरथने माइक घेऊन विचारलं की दरवाजा राखलास, आता पुढे ही जागा कोणाच्या नावाने? हनुमानसुद्धा कान देऊन उभा. दिपाली म्हणाली, “जागा बाबांचीच हाय. मी फकस्त राखली.”

मेलेल्याने शेवटचं शिंग वाजेपर्यंत हलायचं नाही, हाही तुझा नियम. मी आभाळाकडे बघत पडलो होतो, आणि डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत जात होतं. हे हलण्यात येतं का, ते तू ठरव.

उन्हं उतरल्यावर पंगत बसली. मारणाऱ्याने मेलेल्याला आपल्या हाताने वाढायचं, त्याचं झाल्याशिवाय आपण जेवायचं नाही, म्हणजे मनात काही उरत नाही. दिपालीने मला वाढलं. वाढताना बडबड बडबड. मला सवय तुझी : भाकर टाकायची, कालवण ओतायचं, माझ्याकडे न बघता पुढे जायचं, आणि वळून पुन्हा एक भाकर टाकायची. न विचारता. दर वर्षी.

होळीच्या आत मेलेल्याने ते जेवण उलट घालायचं असतं. दर वर्षी वहिनी तुझ्या नावाने पान मांडते. तू आला नाहीस, आणि आता तर येणं होणारच नाही. ते सगळं माझ्याकडे तुंबून राहिलंय.

रविवार, २ फेब्रुवारी

हे पत्र पोस्टात टाकणार होतो. नाही टाकलं. सकाळच्या जीपने निघालो, आणि हे चार शब्द तुझ्याच ओटीवर बसून लिहितोय. ठकीने मला बघितलं आणि पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. पत्र दिपाली आणून देईल. तिला ओरडायचं असेल तर ओरड, पण हळू. आज इतकी वर्षं तू मारलेला माणूस घरी आलाय.

वहिनीने वालाचं बिरडं दिलंय, सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकरी. मी इथे ओटीवर पळसाचं पान मांडून वाढलं आहे. आत आणून देणार नाही. पंगत खाटेवर बसत नाही. काठी तुझ्या उशाशी आहे. सावकाश ये, मला घाई नाही. वाढणारा आधी जेवत नाही, म्हणून मीही बसून आहे.

पान वाढून थांबलेला,
तुझ्या पोरीच्या हातून मेलेला,
मंगळूदादा