लाटण्याचा मासा

प्रिय श्रीकांत,

आजही 'अरे'च म्हणते. 'अहो' फक्त आईंसमोर, हे आपलं लग्नातच ठरलं होतं.

परवा आमचं विमान आहे, आपल्या मुग्धाचं आणि माझं. दुबई कायमची सुटतेय. ती खालच्या मजल्यावर मैत्रिणीला पुस्तकं द्यायला गेलीय आणि मी एका बांधलेल्या खोक्यावर कागद ठेवून तुला लिहितेय. खरं तर स्वयंपाकघर आवरायचंय. जाते, एक डबा उचलते, परत बाहेर येते. तू गेल्यापासून माझं हे असंच चाललंय. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशाला उठले तेच आठवत नाही. पण आज सकाळी तुझ्या तळ्यावर जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला इथून निघता येणार नाही.

त्याआधी पुण्यातलं ऐक. दहाव्याला कावळा शिवला नाही.

हसू नकोस! मलाही एरवी हसू आलं असतं. पण तू ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीत बसल्याबसल्या गेलास. काही बोलला नाहीस, काही सांगितलं नाहीस. अशा माणसाचं काय राहिलं असेल, हे कुणाला विचारायचं? घाटावर पिंड मांडला, कावळे समोरच्या झाडावर येऊन बसले आणि नुसते बघत राहिले.

मग वचनं सुरू झाली. दादा हात जोडून म्हणाले, "श्रीकांत, वसुधाची काळजी करू नकोस, मी आहे." कावळा ढिम्म. काका म्हणाले, "बाणेरचा फ्लॅट पुरा करून घेऊ." तरी ढिम्म. आई रडत म्हणाल्या, "मुग्धाला डॉक्टर करू रे बाळा." तशी आपली कन्या माझ्या कानाशी म्हणते, "मम्मा, आय डोन्ट वॉन्ट टू बी अ डॉक्टर."

तेव्हा मला तू दिसलास. तळ्याकाठी मांडी घालून बसलेला, समोर तो नकली माशांचा निळा डबा उघडा. हा नको, पाणी गढूळ आहे. हाही नको, ऊन वर आलं. पत्र्याचा चमचा लावून बघू. नाही घेत? मग रबरी गांडूळ. आम्ही घाटावर दुसरं काय करत होतो? एकेक आमिष बदलून बघत होतो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि सगळे जेवायला गेले. मी पानावरून तशीच उठले.

कारण तुझं काय राहिलंय ते माझ्या ओठावर होतं. गेलं वर्षभर तू एकच म्हणत होतास, "एकदा माझ्या हातानं केलेल्या नकली माशाला जिताडा लागू दे, मग बघ." पण आई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या लेखी तू दर शुक्रवारी पोहायला जायचास. पिढ्यान्‌पिढ्या कांदासुद्धा जपून खाल्लेल्या घरातला मुलगा दुबईत मासे धरतो, हे त्या वेळी, त्या घाटावर कसं सांगायचं होतं मी?

आणि हे वेड तुला लागलं कुठे? माझ्याच माहेरी! लग्नानंतर पहिल्यांदा पेणला आलास, तेव्हा बाबांनी तळ्यातला जिताडा खास जावयासाठी राखून ठेवला होता. आमच्याकडे यापेक्षा मोठा मान नाही. आणि जावई म्हणतात, "मला वरण-भात चालेल." बाबांचं तोंड एवढंसं झालं. ते भरून काढायला तू दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्याबरोबर तळ्यावर गेलास, आणि आलास तो वेडा होऊनच. मासा खायचा नाही, गांडूळ टोचायला मन होत नाही, पण पाण्याकडे मात्र बघत बसायचंय!

म्हणून तर नकली मासे. रोल्लाच्या बाजारात दाऊदभाईंचं जाळ्या-दोरांचं दुकान सापडलं आणि तुझं सोनं झालं. दाऊदभाई श्रीवर्धनचे, तू पेणचा जावई. तेवढ्या नात्यावर त्यांनी तुला त्यांच्या अरबाबाच्या, म्हणजे त्यांना इथे ठेवून घेणाऱ्या अरब मालकाच्या, शहराबाहेर अवीरच्या खजुराच्या वाडीत नेलं. खजुरांना पाणी द्यायच्या तळ्यात त्या मालकानं मुलांची हौस म्हणून जिताड्याची पिल्लं सोडली होती. ती वाढली, मुलं विसरली, आणि तुला स्वर्ग मिळाला.

साडीच्या दुकानात मी दोन साड्या जास्त बघितल्या की तू घड्याळ बघायचास. आणि स्वतः? एक मासा निवडायला अख्खी सकाळ! पहाटे पाण्यावर टपटप आवाज करणारा, दुपारी खोल बुडणारा, ढग आले तर काळा, गढूळ पाण्यात पिवळाधम्मक. एकदा पंचेचाळीस दिरहमचा आणलास. "म्हणजे साडेपाचशे रुपये? प्लास्टिकला?" मी ओरडले, "अरे, तेवढ्यात खराखुरा हामूर मासा येईल!" तू म्हणालास, "त्याला पोहता येईल का?"

आणि जिताडा लागला की काय करायचास? हात ओले करून धरायचास, गळाचे काटे तू आधीच पकडीनं दाबून बोथट केलेले असायचे, ते अलगद काढायचास आणि सोडून द्यायचास. जिताडा! सोडून! मी माशांच्या घरातली बाई, काठावर बसून बटाट्याची भाजी खात ते बघायची. माझ्या जिवाचं काय होत होतं, कधी विचारलंस?

त्यात माझं लाटणं फोडलंस. मूठ तुटली होती हे खरं, पण चालत होतं ना! त्याचा अर्धा तुकडा तू गॅलरीत बसून तासत राहिलास. माझं नेलपॉलिश लावलंस. डोळा हवा म्हणून माझ्या पाकिटातली टिकली चिकटवलीस. "आणि मी पोळ्या कशानं लाटू?" तर म्हणे, "रोल्लातून नवं आणतो, शुक्रवारी." तो शुक्रवार आलाच नाही. मी अजून सरबताच्या काचेच्या बाटलीनं पोळ्या लाटते. मुग्धा म्हणते, "मम्मा, जस्ट बाय वन, प्लीज." मी तिला सांगते, बाबा आणणार आहेत. तोंडातून निघून जातं.

आता आजचं.

काल मी दाऊदभाईंना फोन केला. म्हटलं, मला एकदा तळ्यावर न्या, शेवटचं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. सकाळी उजाडताना पिकअप दारात, मुग्धाही बरोबर निघाली. "यल्ला भाभी, चला. जुम्म्याच्या नमाजाआधी परत येऊ, इन्शाल्ला." वाटेत ते एवढंच म्हणाले, "साहेब गेल्यापासून मी पण तिकडं गेलो नाही. मन नाही लागत."

मी ठरवूनच आले होते. लाटण्याचा मासा टाकायचा, त्याला जिताडा लागला पाहिजे. मग तू मोकळा आणि मीही मोकळी. पुन्हा इथे येणं नाही, म्हणजे आजच.

काठावर डबा उघडला आणि मी गोंधळले. तुझे ते सगळे मासे रांगेत, माझ्याकडे बघतायत! लाटण्याचा एकदम पाण्यात टाकायचा धीर होईना. म्हणून आधी दुसरे लावून बघितले. हिरवा टाकला, काही नाही. चमचा टाकला, तो काठच्या बोरूच्या बेटात अडकला. दाऊदभाईंनी कमरेइतक्या पाण्यात उतरून काढला. तेवढ्यात मागे फडफड झाली. बघते तर एक कावळा आमच्या जेवणाच्या डब्यातली पोळी घेऊन उडतोय!

माझं डोकंच फिरलं. "मेल्या!" मी ओरडले, "तिकडे हात जोडले तर एकाला यायला झालं नाही, आणि इथे पोळी पळवतोस?" चप्पल भिरकावली. मुग्धा म्हणाली, "मम्मा! इट्स जस्ट अ क्रो." दाऊदभाई म्हणाले, "राहू दे भाभी, भुकेला असेल." मी कपाळाला हात लावून बसले. तेव्हा मला काही सुचलं नाही. आता लिहिताना सुचतंय, पण त्याचा अर्थ लावत बसायचा नाही असं मी ठरवलंय. इथले कावळे दिसेल ते उचलतात.

मग लाटणं बांधलं. गाठ तू शिकवलेली, थुंकी लावून ओढायची ती. पहिली फेक काठावरच पडली. दुसरी बरी गेली, बोरूच्या कडेला. तू म्हणायचास तसं, रिळाचे दोन वेढे, थांब. दोन वेढे, थांब. ऊन चढत होतं आणि दाऊदभाई घड्याळाकडे बघायचं टाळत होते.

आणि पाणी फुटलं रे! फट्‌दिशी आवाज, चांदीसारखी कूस, काठी माझ्या हातातून जाते की काय! मी किंचाळले, "श्रीकांत, लागला!" मुग्धानं मागून माझी कंबर धरली. दोरी करकरली, आणि एकदम सैल पडली. संपलं. खलास. मी तिथेच मातीत बसले आणि रडले. म्हटलं, माझ्यामुळे गेला. तुझं एवढंसं काम, तेही मला जमलं नाही.

मुग्धानं दोरी गुंडाळून मासा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. "मम्मा," ती म्हणाली. "मम्मा, देअर आर नो हुक्स."

दाऊदभाईंनी हातात घेऊन बघितलं. "भाभी, याला गळच नाही! नुसतं लाटणं टाकलं तुम्ही!" आणि ते हसायला लागले. मग मुग्धा. मग मी. डोळे पुसत आणि हसत. तू गेल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो.

पण जिताड्यानं ते घेतलं ना! खरा मासा समजून घेतलं. रंगावर ओरखडा आहे, आणि डोळ्याची टिकली घेऊन गेलाय. घरी आल्यावर पाकिटातून नवी काढली. एक त्याला लावली, एक मला. पुण्यात मामींनी मला लावू नकोस म्हणून सांगितलं होतं. सांगू देत.

एक सांग. गळ लावायचे राहिले होते, की तू लावणारच नव्हतास? मी दाऊदभाईंना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. दुपारपासून मी हेच घोळवतेय. खोक्यातून तो मासा दोनदा काढून बघितला. पोटाखाली गळासाठी खूणसुद्धा केलेली नाहीस. घाटावर आम्ही दिलेल्या प्रत्येक वचनात कुणाचा ना कुणाचा गळ होता, हे मला आज कळलं. माझ्यातही होता. मला तुला मोकळं करायचं होतं, म्हणजे माझी तगमग थांबेल.

तेव्हा आता माझं वचन, साधं. आईंना मी सांगणार आहे की त्यांचा मुलगा शुक्रवारी पोहायला जात नव्हता. रागावतील, मग डबा बघायला मागतील. हा मासा पेणच्या तळ्यात मुग्धा टाकेल, गळाशिवाय. जिताडा मी बाजारातून आणून खाणार, त्यात तू पडायचं नाहीस.

आणि उद्या सकाळी मी रोल्लात जाऊन लाटणं विकत घेणार आहे. तू आणशील म्हणून आता थांबत नाही.

तुझीच,
वसुधा