ए मायनरची सुभद्रामावशी

खोताची वाडी, गिरगाव
ता. १५ नोव्हेंबर

चि. सौ. अनुजा हिस अनेक आशीर्वाद.

शाळेतून आल्यावर आपण दोघी जिन्यात बसून चहात खारी बुडवून खायचो, आठवतं? समोरच्या घरात गिटार सुरू झाली की मी पायरीवर बोटानं मात्रा मोजायचे. तू खारी विसरायचीस आणि ती चहात विरघळायची. अजून आपण तशाच आहोत, फक्त आता मध्ये माझी नात सापडली आहे.

पुढच्या शनिवारी रुचाची गिटारची ग्रेड फाइव्हची परीक्षा. ती पास झाली तरच यंदा संगीताच्या डिप्लोमाला अर्ज करता येईल. काल मी तिला तीन सुरांची एक कॉर्ड वाजवायला लावून नाव विचारलं. म्हणाली, सुभद्रामावशी! मला वाटलं, डिलाईल रोडहून मावशीच दारात आली. मग कळलं, ए मायनर ही मावशीसारखी सदा रडवेली, म्हणून तू तिला मावशीचं नाव दिलंस. आणि जी मेजर म्हणजे ऐसपैस मांडी घालून बसलेले नानाकाका! अगं, परीक्षक काय आपल्या घरच्या लग्नात जेवून गेलेत? परीक्षेत हे तोंडून निघालं तर पोरीचं वर्ष जाईल. तेव्हा शनिवारपर्यंत तिला शिकवू नकोस.

फोनवर भांडण झालं असतं, म्हणून लिहिलं. गुडघ्याला तेल लावतेस ना? माझ्यावर माया आहेच, या पत्रानं ती आटू देऊ नकोस.

तुझी
सुमतीताई

---

दादर
ता. १८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भांडण पत्रातूनही होतं, बरं का.

तुझी ए मायनर कधी कुणाच्या पाठवणीला रडली आहे? मावशी रडते. शाळेत सिस्टरनी नोटेशनचं पुस्तक दिलं तेव्हा त्यातले ठिपके मला मुंग्यांसारखे पळताना दिसायचे. गिटार मला कानानंच आली. नावं लागली तेव्हा घरातलीच दिली, परकी कुठून आणू? रुचा माझ्याकडे आली तेव्हा तिची बोटं बरोबर पडायची, पण ती ऐकायची नाही. आता डोळे मिटून ओळखते.

तरी तू मोठी. शनिवारपर्यंत येऊ नकोस, असं तिला सांगितलं. तिनं गिटार पिशवीत घातली आणि नुसती उभी राहिली. ती माझ्यामुळे नापास झाली तर पुन्हा कुणाला शिकवणार नाही, हा माझा शब्द.

गुडघा बरा आहे. तेलाचा वास मात्र तुझ्या पत्राइतकाच उग्र. रागावलीस तरी लाड चालू ठेव.

तुझी
अनुजा

---

गिरगाव
ता. १० जानेवारी

चि. सौ. अनुजा, अ. आ.

डिस्टिंक्शन! वाडीत सगळ्यांना सांगून झालं, दूधवाल्याला दोनदा.

आता ऐक. कार्टीनं हे निकाल लागेपर्यंत लपवलं होतं. परीक्षक बाईंनी तिला पाठमोरी बसवून एक कॉर्ड वाजवली आणि विचारलं, मेजर की मायनर? आपली बया म्हणाली, सुभद्रामावशी! बाईंनी विचारलं, ही कोण? तेव्हा रुचा सावरली. मायनर, म्हणाली, मेजरमधला तिसरा सूर अर्ध्या सुरानं उतरला की आमची मावशी रडायला लागते. बाई हसून म्हणाल्या, घरात आणखी कोण कोण असतं? मग हिनं सगळं खानदान वाजवून दाखवलं. बाईंनी शेरा लिहिलाय, की ही मुलगी सूर माणसासारखे ओळखते.

अर्ध्या सुराचं मी शिकवलं होतं, हे तुला मुद्दाम सांगते. पण अनू, इतकी वर्षं संगीताच्या वर्गात मी मुलींना फळ्यावर ए मायनर लिहून दिली. काल रुचानं वाजवली आणि मला मावशी दिसली, पदर डोळ्यांना लावलेली. तुला शिकवू नकोस म्हणणारी मी, आणि काल मनात एकच, ही माझ्या बहिणीची विद्यार्थिनी.

तुझा शब्द नापासासाठी होता, तेव्हा रविवारपासून शिकवणी सुरू. रुचाबरोबर मीही येणार. तारा दाबायला मला नखं कापून यावं लागेल का, ते कळव.

पुढचं वाटप नीट कर. रुचाबरोबर पाठवलेले पेढे मावशीला दे, कारण न सांगता. नानाकाकांना साखर बंद, त्यांना शेरा वाचून दाखव. प्रमाणपत्राची झेरॉक्स मी ठेवली आहे. मूळ प्रत तुझ्या भिंतीवर.

तुझी
ताई