मार्केटच्या बाजूचे कर्णे

४ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ. (केस पिकले तरी तुला छोटीच म्हणणार. तक्रार असेल तर आईकडे कर, नाव तिनं ठेवलंय.)

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. तुमच्या शिवणमार्केटच्या संघटनेच्या फोनवर तू बोलतेस तेव्हा अर्धं मार्केट कान लावून असतं, आणि मला सांगायचंय ते अर्ध्या मार्केटला सांगण्यासारखं नाही.

इकडे ठीक. तुझी वहिनी गुडघा दुखतो म्हणते आणि किती दुखतो ते दाखवायला दिवसभर जिना चढते-उतरते. मंडपाचं काम आता थोरला बघतो, माझ्याकडे फक्त माइक-कर्ण्यांचा आवाज. नगरपालिकेच्या निवडणुकीमुळे एक दिवस मोकळा नाही. आज डॉक्टरांच्या पक्षाची सभा, उद्या तुमच्या वकीलसाहेबांच्या पक्षाची. खुर्च्या त्याच, कर्णे तेच, कापडाचा रंग तेवढा बदलायचा.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांच्या सभेआधी मी स्टेजखाली पालथा पडून वायर जोडत होतो. वर फळ्या, फळ्यांवर बूट. तुमच्या मार्केटच्या जागेवर डोळा असलेल्या बांधकामवाल्या शेठचा मॅनेजर डॉक्टरांना सांगत होता की शिवणमार्केटचा विषय निघालाच तर प्रश्न मार्गी लावू एवढंच म्हणा, पाडणार नाही असं चुकूनही म्हणू नका. डॉक्टर बरं म्हणाले. मला काही नवल वाटलं नाही. पण परवा तुमच्या वकीलसाहेबांची सभा होती. मी पुन्हा स्टेजखाली, वर तोच मॅनेजर, तोच उपदेश. आणि वकीलसाहेबही तितक्याच गोड आवाजात बरं म्हणाले.

पंधरा तारखेच्या रविवारी तू त्याच वकीलसाहेबांच्या स्टेजवर चढून सगळ्या मार्केटचा पाठिंबा जाहीर करणार आहेस. तुझं मशिन, शेजारच्या काजवालीचं मशिन, तिथल्या सगळ्या शिंप्यांची पोटं त्या एका छपराखाली आहेत. बघ बाई. दाजींना नमस्कार.

लोभ आहे तसाच आहे, काळजी मात्र वाढली आहे.
तुझा दादा

७ मार्च

ती. दादास,
सा. न., आणि आज थोडा रागसुद्धा.

पत्र पोचलं. स्टेजखाली पालथं पडलेल्या माणसाला सगळे बूट सारखेच दिसणार, त्यात तुझा दोष नाही. आम्ही त्या बुटांवरची माणसं समोरून बघितली आहेत. डॉक्टरांचा पक्ष नगरपालिकेत होता तेव्हा आमची मशिनं उचलून रस्त्यावर फेकली. माझ्याचं चाक वाकलं, ते तूच येऊन सरळ करून दिलंस, विसरलास का? त्या दिवशी वकीलसाहेब पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून राहिले आणि मशिनं परत मिळाल्याशिवाय उठले नाहीत. पुढे त्यांची माणसं निवडून आली, तेव्हा आम्हाला विजेचे मीटर मिळाले आणि बायकांचं शौचालय झालं, आतून कडी असलेलं. त्या कडीचं मोल तुला नाही कळायचं.

दोघे सारखेच असं म्हणणं तुला परवडतं रे, कारण दोघांचीही गिऱ्हाइकी तुझ्याकडे आहे. मी कुठे जाऊ? बाकावर बसणाऱ्याला सोडून मशिन फेकणाऱ्याकडे?

लिहून मोकळी झाले, पण खरं सांगते, तुझं पत्र आल्यापासून हात ठिकाणावर नाही. काल एका वऱ्हाडाएवढ्या माणसाच्या कोटाची डावी बाही उजवीकडे लावून बसले. काजवालीनं विचारलं काय झालं, तर डोळे थकले म्हणून सांगितलं. अजून कोणाला काही बोलले नाही.

तुझ्या कानांवर माझा विश्वास आहे, तोच त्रास आहे. उत्तर लवकर लिही.
तुझी छोटी

१० मार्च

चि. छोटीस,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा जास्त.

टोमणा लागला, आणि जिथे लागायला हवा तिथेच लागला. वहिनीला वाचून दाखवला तर ती म्हणाली की छोटीनं बरं सुनावलं, आता जेवायला बसा.

तुझं म्हणणं मला मान्य आहे. तुमचा माणूस बाकावर बसला, त्यांचा बसला नसता. हा फरक खोटा नाही, आणि कडी आतून लागते हेही खोटं नाही. पण जागा कोणाला द्यायची हे ठरवताना दोघेही शेठच्या तोंडाकडे बघतात. शेठच्या पैशाशिवाय दोघांचीही सभा उभी राहत नाही. माझ्याकडे दोन्हीकडची कामं येतात, ती एकाच मॅनेजरच्या तोंडून.

तेव्हा पाठिंबा देऊ नको असं मी म्हणत नाही. आधी विचार, आणि माइकवर विचार. चहाच्या टेबलावर विचारलंस तर ते पाहिजे ते वचन देतील. पाडणार की नाही, एवढंच. आणि माइक हातातून सोडू नकोस. कोणीतरी हसत हसत काढून घ्यायला येईल. दोन्ही हातांनी धर.

आवाजाचं बटण माझ्याकडे असेल. मॅनेजर येऊन बंद कर म्हणाला तर काय करीन, ते मला आज माहीत नाही. थोरल्याचा सगळा संसार या धंद्यावर आहे. म्हणून माझ्याकडे शब्द मागू नकोस.

तुझा दादा, जो सध्या नीट झोपत नाही

१४ मार्च, शनिवार

ती. दादास,
नमस्कार. घाईत आहे.

तुझा ट्रकवाला मंडपाचं सामान उतरवतोय, त्याच्याच हाती हे देते. आज सकाळी मॅनेजर माझ्या गाळ्यात आला. स्टूल ओढून बसला, ताई ताई करत माझ्या शिलाईचं कौतुक केलं. मग म्हणाला की उद्या जास्त लांबवू नका, वकीलसाहेब मार्केटचा प्रश्न मार्गी लावतील असा आमचा विश्वास आहे, एवढं एक वाक्य पुरे. मी मान हलवली.

दुपारी संघटनेत सगळं सांगितलं. निम्म्या जणांचं म्हणणं पडलं की आहे तो एक आधार तोडू नका, डॉक्टर आले तर पहिल्याच दिवशी बाहेर काढतील. काजवाली म्हणाली की आधार आहे की नाही तेच तर विचारायचंय. भांडण झालं, चहा गार झाला, निर्णय माझ्यावर सोडून सगळे उठले. आपली सगळी माणसं उद्या मैदानाच्या मागच्या बाजूला, मार्केटच्या फाटकाजवळ उभी राहणार. पुढच्या खुर्च्या निमंत्रितांना.

मी विचारणार आहे. तुझ्याकडे शब्द मागत नाही.
छोटी

१६ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार, अगदी खराखुरा.

तू ट्रक घेऊन लगेच पुढच्या गावी गेलास, म्हणून स्टेजवर काय झालं ते लिहिते. वकीलसाहेबांनी मला पुढे बोलावलं, माइक दिला. मी विचारलं की पाठिंब्याआधी एकच सांगा, मार्केट पाडणार की नाही, हो किंवा नाही. ते हसले. मॅनेजर उतरून तुझ्याकडे धावला. एवढ्यात समोरचे कर्णे बंद पडले. माझाच आवाज मला ऐकू येईना. दादा, त्या क्षणी तुला ज्या शिव्या दिल्या त्या लिहीत नाही.

माइक मात्र सोडला नाही. माझ्या नि वकीलसाहेबांच्या मधे छातीशी धरून होते. वकीलसाहेबांना वाटलं आवाज बंद झाला. पुढच्या खुर्च्यांकडे बघून हसतच माझ्या कानाशी आले आणि म्हणाले की ताई, जागा शेठना कधीच कबूल झाली आहे, आम्ही आलो तरी जाणार आणि डॉक्टर आले तरी जाणार. तुम्हाला गावाबाहेर गाळे बघू, आता शहाण्यासारख्या टाळ्या वाजवा.

मी टाळ्या न वाजवता खाली उतरले. तुला गाठून भांडणार होते. रस्ता मागच्या बाजूनं होता. तिथे आपली सगळी माणसं चिडीचूप उभी. काजवालीनं माझा हात धरला आणि वकीलसाहेबांचं बोलणं शब्दन् शब्द मला म्हणून दाखवलं, त्या शहाण्यासारख्या टाळ्यांसकट. मागचे कर्णे चालूच होते.

पाठिंबा कोणालाच जाहीर केला नाही. आता सांग, तू केलंस काय?
तुझी छोटी

१९ मार्च

चि. छोटीस,
आशीर्वाद आणि शाबासकी.

फार काही केलं नाही. मॅनेजरनं आवाज बंद कर म्हटल्यावर मी हो साहेब म्हणालो आणि पुढची लाइन बंद केली. मार्केटच्या बाजूची लाइन वेगळी असते. तिच्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही. जनरेटर स्टेजला चिकटून ठेवा हा हट्टही त्याचाच होता. मी सांगितलं होतं की फार धडधडतो, पण मोठ्या माणसांना जवळ उजेड लागतो. त्या धडधडीत स्टेजवरच्यांना मैदानाच्या टोकाचं काय ऐकू येणार?

त्याला कळलं दुसऱ्या दिवशी. एकाच सकाळी दोन्ही पक्षांनी माझ्या सगळ्या सभा रद्द केल्या. दोन्ही फोन त्याचेच. डॉक्टरांच्या वतीनं बोलताना आवाज जरा जाड करतो, एवढंच. थोरला दिवसभर रद्द झालेल्या मंडपांचा हिशेब करत बसला. जेवताना त्यानं विचारलं की मागे आत्याचा आवाज स्वच्छ येत होता ना. मी हो म्हटलं. मग आईला भाजी वाढ म्हणाला. वहिनी म्हणते, बरं झालं, आता तिच्या गुडघ्याकडे बघायला घरात माणूस राहील.

आम्ही निभावून नेऊ. तू सांभाळ. आणि मत कोणाला देणार, तेवढं लिही.
तुझा दादा

२४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मत वकीलसाहेबांच्याच पक्षाला दिलं. शिक्का हातात धरून बराच वेळ उभी होते. पाठिंबा दिला नाही आणि मत दिलं, यावर तू हसशील तर हस. मला ते मशिन फेकणारे परत नको होते.

तेच निवडून आले. काल नगरपालिकेत मार्केटची जागा शेठना देण्याचा ठराव आला. वकीलसाहेबांनी मांडला, डॉक्टरांनी अनुमोदन दिलं. पाणीपट्टीवरून एकमेकांच्या अंगावर धावणारी ही माणसं! आम्ही वर गॅलरीत बसलो होतो. हात वर करा म्हटल्यावर दोन्ही बाजूंचे हात भराभर वर गेले. पण आमच्या, म्हणजे वकीलसाहेबांच्या, बाजूच्या चौघांचे मांडीवरच राहिले. त्यातल्या मास्तरीणबाई त्या रविवारी नुसत्या उमेदवार होत्या, पुढे खुर्ची मिळाली नाही म्हणून मागे आमच्यातच उभं राहून सगळं ऐकत होत्या. डॉक्टरांच्या बाजूचाही एक हात कानामागे खाजवत राहिला. तो वर होता की खाली यावरून अजून वाद चालू आहे. मोजणीवरून आरडाओरडा झाला, शेवटी उद्या नावं पुकारून मतं घ्यायचं ठरलं. जागा द्यायला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणून त्या पाचांवर सगळं आहे.

संघटनेतले सगळे चौघांच्या घरी जायचं म्हणत होते. काजवाली म्हणाली, कान खाजवणाऱ्याकडेही जाऊ, तो आपला नसला म्हणून काय झालं. त्याच्याकडे ती जाणार आहे. आत्ताच कळलं की मास्तरीणबाईंच्या दारात मॅनेजरची गाडी उभी आहे. तो आत आहे तोवरच मी जाऊन त्याच्या शेजारी बसणार आहे. माझ्यादेखत काय बोलतो ते बोलू दे.

निघते. लोभ असू दे, आणि आज जरा जास्तच असू दे.
तुझी छोटी