न उघडणारे पाकीट

१२ ऑगस्ट १९७६, गुरुवार. चारठाणा.
लघवीस बसलो असता आजही डोळ्यांत पाणी आले. तीन आठवडे झाले. लिंगाच्या टोकावरील कातडी आवळून गेली आहे. मागे सरत नाही. कडेला चिरा, आत पांढरा थर, आग. हे एकदाच स्पष्ट लिहून ठेवतो. वही कोणाच्या हाती पडल्यास शोभणार नाही, म्हणून येथून पुढे केवळ ‘पाकीट’ असे लिहीन. एकतीस वर्षे या गावात टपाल वाटले. उघडत नाही असे पाकीट हे पहिलेच.
वय अडुसष्ट. या वयात हे कशासाठी?

१४ ऑगस्ट, शनिवार.
लाल साबणाने दिवसातून तीन वेळा धुतले. स्वच्छतेत माझी कसूर कधी नव्हती. आग दुप्पट झाली. नंतर हळद व तूप. धोतर पिवळे. सौ. धोतर पिळता पिळता म्हणाली, “तूप कमी व्हायलंय. मांजर म्हणावं तर दुधाला तोंड न्हाई.”

१९ ऑगस्ट, गुरुवार.
जोर लावून पाकीट उघडू पाहिले. निव्वळ मूर्खपणा. रक्त आले. आता लघवी करताना पाकीट प्रथम फुग्यासारखे फुगते, मग सुतळीएवढी धार. भिंतीला हात टेकून उभा होतो तो सौ.ने पाहिले.
“तुमी परसात बसता तिथं मुंगळे लागायलेत. दीड महिना झाला बघायलेय.”
“मग सांगितले का नाहीस?”
“तुमी साऱ्या गावाची पत्रं वाचून दिली. कुणाचं कुणाला सांगितलं का? म्या बी तुमच्याच घरात राहते.”
मुंगळ्यांचा व पाकिटाचा संबंध काय, हे तिलाही ठाऊक नाही. पण परभणीस जा म्हणते. जाणे भाग आहे.

२३ ऑगस्ट, सोमवार.
परभणी. एस.टी.त जिंतूरपर्यंत उभा. बसणे अधिक वाईट. डॉक्टर तिशीचा. मला आजोबा म्हणाला! पोरगेल्या माणसासमोर धोतर सोडावे लागले. याविषयी अधिक लिहीत नाही.
लघवीचे थेंब निळ्या औषधात घालून नळी दिव्यावर तापवली. निळे होते ते विटेच्या रंगाचे झाले. म्हणाला, “आजोबा, मधुमेह आहे. कातडीचा दोष नाही. गोड लघवीवर बुरशी पोसली, तिने कातडी सुजली, चिरली, आवळली. मुंगळ्यांना आमच्या आधी कळतं.”
हुकूम पुढीलप्रमाणे. साबण बंद, हळद बंद. साधे कोमट पाणी, मऊ फडक्याने टिपणे. जांभळे औषध लावणे. साखरेच्या गोळ्या, म्हणजे साखर कमी करण्याच्या. जोर कदापि नाही. पुढे कातडी सरू लागली तर धुऊन झाल्यावर ती पुन्हा पुढे आणणे. मागेच राहिली तर अडकून सुजते, मग त्याच दिवशी दवाखाना. महिन्याने पाहू. तरीही आवळलेलीच राहिली तर लहानसे ऑपरेशन. पुढील कातडी काढायची.
“म्हणजे सुंता?”
हसला. “मुसलमानाची काढली तर सुंता. तुमची काढली तर ऑपरेशन.”
यात हसण्यासारखे काय होते?

२४ ऑगस्ट, मंगळवार.
गुळाचा चहा बंद. भात बंद. जांभळे औषध धोतरातून बाहेर. सौ. : “आधी पिवळं, आता जांभळं. रंगपंचमी कवर चालायची?”
आग किंचित कमी.

३० ऑगस्ट, सोमवार.
उस्मानभाईकडे गेलो. फाट्यावरून टपालाच्या थैल्या त्याच्याच टांग्यात येत. गावात विचारावे असा तो एकटाच. तरी पाऊण तास ज्वारीविषयी बोललो. अखेर विचारले, त्रास फार होतो काय.
“अरे नाना, मैं सात बरस का था. तिसरे दिन बेर तोडने झाड पे चढा. तुमी अडुसष्टचे झाले तरी भ्यायलाव?”
भीतीचा प्रश्न नाही, असे बजावले. तो म्हणाला, “अब्बाने मिठाई वाटली होती. तुमी बी वाटा.” मग मात्र माझा हात धरून म्हणाला, कोणाला सांगणार नाही. सांगणार नाही हे मला ठाऊक आहे.
परतताना पारावर लोकांनी हटकले, गेल्या सोमवारी परभणी, पुढच्या महिन्यात पुन्हा म्हणे, कशाला नाना? खोटे बोलणे माझ्या स्वभावात नाही. “ऑपरेशन,” एवढेच म्हणालो.
घरी पोहोचेपर्यंत चूक ध्यानात आली. सध्या गावात त्या शब्दाचा अर्थ एकच आहे.

३१ ऑगस्ट, मंगळवार.
सकाळीच ग्रामसेवक दारात. वही घेऊन. पोरगा तिशीच्या आतला, गेल्या उन्हाळ्यात लग्न झालेले.
“नाना, मानलं तुमाला! नसबंदीला आपण होऊन निघालात. माझी एक केस कमी हाय, तुमचं नाव माझ्याच यादीत लागू द्या. न्हाईतर बदली हाय माझी.”
“माझे वय अडुसष्ट आहे.”
“पन्नास लिव्हतो की. कोण बघायलंय?”
सौ. आतून हसत होती. तोंडात पदर कोंबला तरी ऐकू येत होते. त्यास घालवून दिले.

६ सप्टेंबर, सोमवार.
गाव नमस्कार करू लागले आहे. एक म्हातारी सौ.ला म्हणाली, “या वयात तुमच्या मालकाला नसबंदीची गरज पडली, नशीबवान हायसा बाई.” ऐकून मेल्याहून मेल्यासारखे झाले. नाकारावे तर खरे सांगावे लागेल. न नाकारावे तर हे असे.

९ सप्टेंबर, गुरुवार.
ग्रामसेवक चौथ्यांदा. संताप अनावर झाला. ओट्यावर कोणी नव्हते हे पाहून म्हणालो, “नसबंदी नव्हे, शहाण्या! पुढील कातडी आवळली आहे, ती काढायची आहे. लिही तुझ्या यादीत!”
थट्टा करील असे वाटले होते. चेहरा उतरला. वही मिटून निघून गेला.

१० सप्टेंबर, शुक्रवार.
आज पुन्हा आला. वही नव्हती. उंबऱ्याकडे पाहत म्हणाला, “नाना, ते… मला बी तसंच हाय. लहानपणापासून. लग्न झाल्यापासून लय दुखायलंय. बायकोला वाटतं मला ती आवडत न्हाई.”
दोस्ताने ओढून मोकळी कर म्हटले, तेव्हापासून चिरा. साऱ्या तालुक्याला डॉक्टरकडे नेतो आणि स्वतः! चांगलाच फैलावर घेतला. मग साबण, जोर, लघवीची तपासणी, सारे क्रमाने सांगितले. दोनदा म्हणवून घेतले.
“तुमी कापून घेणार का, नाना? तुमी घेतलं तर मी बी धीर करीन.”
मी काय याच्यासाठी देह कापून घ्यावा?
ओढू नको म्हटले, हे बरे झाले.

२० सप्टेंबर, सोमवार. परभणी.
मी व ग्रामसेवक एस.टी.त एकाच बाकावर आलो, दोन दिशांना पाहत. त्यास प्रथम आत पाठवले. मलम मिळाले, रोज अगदी हलक्या हाताने, पुष्कळांची कातडी त्यानेच सैल होते, न झाल्यास पाहू. बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता, पण चेहरा मोकळा झाला होता.
माझे निळे औषध आज हिरव्यावर थांबले, म्हणजे साखर उतरली. सूज गेली, आग गेली. पाकीट अर्धे उघडते. पुढे पांढरे कडक कडे आहे. डॉक्टर म्हणतो, आणखी महिनाभर थांबता येईल, अथवा उद्या सकाळी उरकू. धार अडली तर मात्र एक दिवसही थांबू नका. ठरवा तुम्ही.
फॉर्म दिला आहे. उद्या करायचे तर तो आजच भरून खिडकीवर द्यायचा. नाव, गाव लिहिले. वय अक्षरी लिहिले, म्हणजे कोणास पन्नास करता येणार नाही. राहिला एक रकाना : कोणते ऑपरेशन. गावाचे शेकडो फॉर्म भरून दिले, रकाना मोकळा ठेवू नये असे प्रत्येकास बजावले.
खिडकी बंद होण्यास पंधरा मिनिटे आहेत. ग्रामसेवक शेजारी बसून मान लांब करीत आहे.
“नाना, काय लिव्हलं?”