फणसाखालची सिगारेट

प्रिय तुमिनी,

गेल्या महिन्यात तू डबा घेऊन आलीस, माझ्या शर्टाचा वास घेतलास आणि तडक क्लातेनची बस पकडून परत गेलीस. डब्यातले सोयाबीनचे तेंपे छान झाले होते. पण शर्टाला लवंगी सिगारेटचा वास कसा लागला, ते तू ऐकूनच घेतलं नाहीस. अख्ख्या गावात न ओढणारा एकच पुरुष म्हणून तू मला पसंत केलंस, आणि मी वेड्यांच्या इस्पितळात येऊन ओढायला शिकलो! तुझा राग मला कळतो.

अगं, इथली रीतच तशी. सकाळी दहाला आणि दुपारी चारला ओढणाऱ्यांना अंगणात फणसाखाली सोडतात. बाकीच्यांनी आत टीव्ही बघायचा. मी दाराशी गेलो तर आमचे नर्स, सुमार्नोकाका, म्हणाले, "तू ओढत नाहीस ना? मग बाहेर काय काम?" चार दिवस छताकडे बघत काढले. पाचव्या दिवशी हात वर केला, म्हटलं, मीपण ओढतो. पहिल्याच झुरक्याला डोळे पांढरे झाले. शेजारच्या खाटेवरचे कार्तोआजोबा पोट धरून हसले. "अरे, गिळतोस काय? भात आहे का तो?" मग त्यांनीच शिकवलं. दिवसाला चार व्हायला लागल्या.

पण तुमिनी, घरी सहा महिने तुझ्याशी न बोललेला मी त्या झाडाखाली बोलायला लागलो. घाटात माझ्या हातून बस उलटली, त्या दिवसाबद्दलही बोललो. आजोबांनी हातातली सिगारेट विझवून सगळं ऐकलं. रडूही आलं मला.

तू गेलीस त्या दिवसापासून मी एकही ओढलेली नाही. म्हणजे पुन्हा आत, टीव्हीसमोर. आता मला मालिकेतल्या तिन्ही सासवा ओळखू येतात. आणि डॉक्टरीणबाईंनी फाइलीत काय लिहिलं, माहितेय? पेशंट बाहेर जायचं टाळतो, माणसांत मिसळत नाही, पुन्हा खचलाय. घरी सोडायचं ठरत आलं होतं, तेही थांबलं. मी म्हणतो, बाई, मी फक्त सिगारेट सोडलीय. त्या मान हलवतात आणि गोळी वाढवतात. ओढावी तर बायको रुसते, सोडावी तर इस्पितळ सोडत नाही!

काल त्या म्हणाल्या, "घरचं कुणीतरी येऊन सांगू दे, मग बघू." म्हणून हे पत्र. मंगळवारी ये. आधी माझा शर्ट हुंग, नुसत्या घामाचा वास येईल. मग त्यांना सांग की हा माणूस मुळापासून न ओढणाराच आहे, खचलेला नाही, आणि सही करून मला घरी ने. संध्याकाळी ओट्यावर बसून मी तुला सगळं सांगीन. घाटातलंसुद्धा.

तुझाच, शपथेवर बिनधुराचा,
पोनिरिन